मदत हवी आहे: ताठरतेसाठी आर्जिनिन, पेप्टाइड कुणी घेतलंय का?

वय ४८, आठ वर्षांपासून शुगर, सकाळी बीपीची गोळी, टेल्मिसार्टन ४०. वर्षभर लिंगाची ताठरता टिकत नाही. बायको समजूतदार आहे, पण मीच आता टाळाटाळ करतो.

जिममधल्या ट्रेनरने एल-आर्जिनिनचा डबा दिला. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतं, रक्तवाहिन्या सैलावतात, इतपत कळलं. पण बरंचसं आर्जिनिन आतडी आणि यकृतातच खर्च होतं, म्हणून सिट्रुलिन (ज्याचं शरीरात पुढे आर्जिनिन बनतं) बरं, असंही वाचलं. प्रश्न हा की बीपीच्या गोळीसोबत घेतलं तर बीपी फार उतरेल का?

दुसरं, त्याच पठ्ठ्याने रबरी बुचाची एक इवलीशी कुपी दाखवली. आत पांढरी पावडर, लेबलवर फक्त 'पीटी-१४१', ना बॅच नंबर ना एक्सपायरी. हे ब्रेमेलानोटाइड नावाचं पेप्टाइड, म्हणजे प्रथिनासारखी छोटी साखळी. अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली ती स्त्रियांच्या कामेच्छेच्या तक्रारीसाठी, वर मळमळ होते आणि काही तास बीपी चढतं! कुपी परत केली.

कुणाला सिट्रुलिनचा खरंच फरक पडला का? किती दिवसांनी? आणि आधी युरोलॉजिस्ट गाठू की शुगरवाले डॉक्टर? त्यांच्यासमोर तोंडच उघडत नाही हो. चेष्टा नको, प्लीज.