जुन्या गाडीत पाणी येतंय, डाव्या सीटखालचं मॅटिंग ओलं

यवतेश्वरकर: माझी 2007 ची गाडी आहे, परवा कास पठारावरून पावसात आलो आणि सकाळी बघतो तर डावीकडं पायाखाली डबकं, काचेचं रबर नवीन घातलं तरी तेच, आता काय करू?

घाटवाला: आधी बोट बुडवून बघा राव. चिकट, गोडसर वास असेल तर हीटरचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी. साधं पाणी असेल आणि ऊन असतानाही एसी लावल्यावर येत असेल तर एसीचा ड्रेन पाइप चोकअप.

यवतेश्वरकर: साधंच आहे, एसी बंदच असतो.

जुनी_गाडी_सांगली: मग वायपरखालची जाळी काढा, तिथं पाला साचून पाणी जायचं भोक बुजतं आणि पाणी ब्लोअरमधून, म्हणजे आत हवा फेकणाऱ्या पंख्यातून, आत उतरतं. माझ्यात मूठभर चिखल निघाला! नाहीतर दाराच्या पॅडमागचं प्लॅस्टिक फाटलं असेल. एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्यानं पाइपनं खालून वर हळूहळू पाणी मारायचं, एकदम टपावरनं ओतलं तर काय कळत नाही.

यवतेश्वरकर: जाळीच होती! आंब्याची पानं. मॅटिंगखालचा फोम अजून ओलाय, वास मारतोय.

घाटवाला: पूर्ण उचलून वाळवा, नाहीतर पत्रा सडंल.