अल्ट्रासाउंडच्या परिषदेत गर्भलिंगनिदान कायद्यावर बोलायचं की नाही?

कंपन:
अल्ट्रासाउंड इंजिनिअरिंगच्या परिषदांत सध्या सगळा भर खिशात मावणाऱ्या प्रोबवर आहे (प्रोब म्हणजे लहरी सोडून प्रतिध्वनी टिपणारा, हातात धरायचा भाग). २०१७ साली अमेरिकेत बटरफ्लाय आयक्यू या अशाच प्रोबला मंजुरी मिळाली. एका सिलिकॉन चिपवर सुमारे ९,००० सूक्ष्म संवेदक, किंमत तेव्हा २,००० डॉलरच्या आत आणि पडदा म्हणजे आपला मोबाइल. तेव्हापासून आपल्याकडेही 'स्वस्त आणि खेड्यापर्यंत पोचणारं' ही टेप सुरू आहे.

माझं मत स्पष्ट आहे. भारतात असा निबंध वाचणाऱ्याला व्यासपीठावरच विचारावं, याचा गैरवापर कसा रोखणार? गर्भलिंगचाचणीविरोधी कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ चा. तरीही सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात राज्यात हजार मुलग्यांमागे मुली २००१ ला ९१३ होत्या, त्या २०११ ला ८९४ झाल्या. बीडमध्ये तर ८०७. हे एकट्या यंत्रांनी केलं नाही, पण यंत्रांशिवायही झालं नसतं.

रूळवाला:
अहो, ती संशोधन परिषद आहे, विधान परिषद नव्हे! अल्ट्रासाउंड म्हणजे फक्त पोटाची सोनोग्राफी हे कुणी ठरवलं? आमचा प्रोब रेल्वे रुळाच्या माथ्यावरून फिरतो, सरळ आणि ७० अंशांच्या तिरप्या लहरी सोडतो, आत चीर असेल तर प्रतिध्वनी येतो. तुमच्या मोबाइलमधले सॉ फिल्टर, म्हणजे ध्वनिलहरींच्या मदतीने नको ते सिग्नल गाळणारे भाग, तेही याच शास्त्राचे. त्या लोकांनी कायद्याची भाषणं का ऐकायची? डॉक्टरांची वेगळी परिषद असते, तिथे बोला.

जुनी_वही:
रूळवाले, वैद्यकीय सोनोग्राफी तुमच्याच घरातून आलीय. १९५५ साली ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी गाडीच्या डिकीत टाकून बॉयलरच्या कारखान्यात गेले. तिथल्या धातूतल्या भेगा शोधणाऱ्या यंत्राखाली त्या धरून पाहिल्या. १९५८ चा 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला त्यांचा गाजलेला निबंध त्याच वाटेवरचा, आणि त्यात टॉम ब्राऊन हा इंजिनिअर सहलेखक होता. तेव्हा 'आमचा काय संबंध' हे चालणार नाही.

फॉर्म_एफ_पीडित:
मी रेडिओलॉजिस्ट. धागाकर्त्याशी पूर्ण असहमत. कायदा आधीच इतका कडक आहे की फॉर्म एफमधली (गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद ठेवायचा सक्तीचा अर्ज) नोंदींची चूकही गुन्हा धरली जाते, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. ओळखीतल्या एकाचं मशीन रकाना रिकामा राहिला म्हणून सील झालं, पेशंट पन्नास किलोमीटर हिंडले. २०१२ च्या नियमाने पोर्टेबल यंत्र नोंदणीकृत रुग्णालयात दाखल पेशंटसाठी नाहीतर फिरत्या दवाखान्यात, एवढंच. म्हणजे छातीत पाणी झालेल्या म्हाताऱ्याच्या घरी मी प्रोब नेऊ शकत नाही. आता इंजिनिअरांच्या डोक्यावरही हेच ओझं? मग इथे कोण कशाला प्रोब बनवेल?

बीमफॉर्मर:
यावर उपाय आमच्याकडे आहे की! मऊ ऊतीत लहर दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झला साधारण अर्धा डेसिबल क्षीण होते. १० मेगाहर्ट्झचा प्रोब १० सेंमी खोल पाहायला गेला की जाऊन-येऊन १०० डेसिबल गेले, ३ मेगाहर्ट्झला मात्र ३०. तेव्हा फुप्फुस आणि शिरांसाठी फक्त उच्च वारंवारतेचा प्रोब बनवा, त्याला गर्भ दिसणारच नाही. भौतिकशास्त्रच कुलूप लावेल, सत्रं कशाला?

फॉर्म_एफ_पीडित:
सडपातळ बाईच्या पोटात गर्भ चार-पाच सेंटिमीटरवरही असतो. तुमच्याच हिशेबाने ५ सेंमीला ५० डेसिबल, तेवढं आजचं यंत्र सहज भरून काढतं. त्यात गर्भजलात लहर जवळजवळ क्षीण होतच नाही. कागदावरचं कुलूप आहे हे.

कंपन:
घ्या! बीमफॉर्मर, तुमचं कुलूप डॉक्टरांनी पाच ओळींत उघडलं. व्यासपीठावर हेच व्हायला हवं. निबंध छापून, कंपनी काढून, अनुदान संपल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मी बंदी मागत नाहीये, प्रश्न मागतोय.

रूळवाला:
प्रश्न विचारा, पण वैद्यकीय सत्रातच. माझ्या वेल्डच्या सादरीकरणाची पंधरा मिनिटं कापून नको. मागच्या वेळी उद्घाटनाच्या भाषणांनीच दुपार खाल्ली होती.

फॉर्म_एफ_पीडित:
मुद्दा मान्य नाहीच. पण सत्र ठेवणारच असाल तर फक्त इंजिनिअरांना उपदेश करू नका. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनाही पहिल्या रांगेत बसवा, आणि लिनिअर प्रोब (शिरांसारखं उथळ पाहायचा) न् पोटाचा प्रोब हातात देऊन विचारा, यातला कुठला कशाला?