सोलर कमिटी ग्रुप: इन्व्हर्टर खरंच बदलायचा का?

सेक्रेटरी (ए-५०२): सर्वांना नमस्कार. गच्चीवरचा १० किलोवॅटचा सोलर निम्म्यावर आलाय. स्वच्छ उन्हाला ४० युनिट यायची, काल २१ आली. इन्स्टॉलर म्हणतो इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज एसी करणारं यंत्र) गेला, नवीन टाका. रविवारच्या मीटिंगआधी जाणकारांनी बोला. गुड मॉर्निंगची फुलं कृपया दुसऱ्या ग्रुपवर.

बी-६०२: गेलेला इन्व्हर्टर २१ युनिट देत नाही हो. अ‍ॅपमधल्या इव्हेंट लॉगचा फोटो टाका, वेळा दिसतील असा.

सेक्रेटरी (ए-५०२): फोटो नीट येत नाहीये, लिहितो. सकाळी ७:०५ ते ९:४० "पीव्ही आयसोलेशन लो". मग चालू. ११:५० ते ३ मध्ये "ग्रिड ओव्हर व्होल्टेज" १४ वेळा.

ए-१०४: हे दोन वेगळे आजार आहेत. सकाळचा डीसी बाजूचा, म्हणजे पॅनल, वायर, कनेक्टर. दुपारचा एसी बाजूचा, म्हणजे गच्चीपासून मीटर रूमपर्यंतची केबल आणि बाहेरचा सप्लाय. इन्व्हर्टर दोन्हीकडे लक्ष ठेवून स्वतःला बंद करून घेतोय. नवा आणला तर तोही हेच करेल.

सी-२०१ काका: म्हणजे भुंकतो म्हणून कुत्रा बदलायचा!

बी-६०२: अगदी, काका 😄 आधी दुपारचं घेऊ, युनिट तिथेच जास्त जातायत. रस्त्यावरचा ट्रान्सफॉर्मर ११ केव्ही/४३३ व्होल्टचा असतो. ४३३ भागिले १.७३२ म्हणजे एका फेजला २५० व्होल्ट. लोड कमी असला की मीटर रूमच्या बसबारवर (केबल जोडायच्या पट्ट्यांवर) जवळपास तेवढेच दिसतात. आपल्या इन्व्हर्टरची वरची मर्यादा २३० च्या ११० टक्के, म्हणजे २५३. मध्ये उरले ३ व्होल्ट.

बी-६०२: आता आपली केबल. ६ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियम, अंदाजे ६० मीटर. रेझिस्टन्स किलोमीटरला ४.६१ ओहम, तर ६० मीटरला ०.२८. पूर्ण लोडला फेजमागे १४.५ अँपिअर. गुणाकार ४ व्होल्ट, केबल तापली की ५ च्या आसपास. करंट वर ढकलायचा तर इन्व्हर्टरला मीटर रूमपेक्षा तेवढं व्होल्टेज चढवावंच लागतं. २५० + ५ = २५५. ट्रिप.

सी-२०१ काका: पण केबल ६ ची टाकली तेव्हा १४.५ अँपिअर सहज झेपतो म्हणाले होते.

बी-६०२: झेपतोच. जळत नाही ती. पण सोलरची केबल तापण्यावरून नाही, व्होल्टेज किती चढतं त्यावरून निवडायची. ही गल्लत फार ठिकाणी होते. १६ चौरस मिमी अ‍ॅल्युमिनियमला १.९१ ओहम आहे, तेवढ्याच अंतरात फक्त १.७ व्होल्ट चढतील.

ए-१०४: हिशेब बरोबर आहे, पण खर्च करण्याआधी मोजू या. सेक्रेटरी साहेब, उद्या साडेबाराला दोन मल्टिमीटर घेऊन दोन माणसं: एक इन्व्हर्टरच्या एसी टर्मिनलपाशी, एक मीटर रूमच्या बसबारवर. एकाच वेळी आर, वाय, बी तिन्ही फेज न्यूट्रलशी. मोजणारा इलेक्ट्रिशियनच हवा. त्याच वेळी अ‍ॅपवर किलोवॅट किती ते लिहून ठेवा, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही.

(दुसऱ्या दिवशी)

सेक्रेटरी (ए-५०२): ८.९ किलोवॅट चालू असताना. वर २५५, २५४, २५१. खाली २५०, २४९, २४६. वाचून होईपर्यंत ट्रिप झाला.

बी-६०२: तिन्ही फेजला सारखाच ५ चा फरक, म्हणजे सांधे ठीक, केबलच बारीक. एकाच फेजला फरक जास्त आला असता तर ढिला लग (केबलच्या टोकाचा धातूचा जोड) शोधला असता. एक फेज २६५ आणि दुसरा २१५ असं काही दिसलं असतं, तर न्यूट्रल सुटायला आलाय समजून मेन बंद करायला धावलो असतो.

सी-२०१ काका: इन्स्टॉलर म्हणतो सेटिंगमध्ये मर्यादा २७० करून देतो, फुकटात काम होईल.

ए-१०४: नको काका. ती मर्यादा ग्रिडशी जोडणीच्या नियमातली आहे. शिवाय इन्व्हर्टर २६५ देऊ लागला की जवळपास तेवढंच व्होल्टेज कॉमन पॅनलमधल्या एलईडी ड्रायव्हरना आणि लिफ्टच्या कार्डाला जाणार. तिथली दुरुस्ती फुकटात होणार नाही.

बी-६०२: १६ ची केबल टाकली की २५५ चे २५२ होतील. सुटलो, पण काठावर. म्हणून सोबत वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसला अर्ज द्या: दुपारचे आकडे, तारीख, वेळ घालून ट्रान्सफॉर्मरचा टॅप (व्होल्टेज कमी-जास्त करायची जोडणी) एक पायरी खाली मागा. टॅप असलेल्या ट्रान्सफॉर्मरला एक पायरी साधारण २.५ टक्के, म्हणजे ६ व्होल्ट. सप्लाय बंद ठेवून करतात. पण संध्याकाळी सगळ्यांचे एसी चालू असताना व्होल्टेज किती पडतं तेही मोजून ठेवा. ते आधीच २१० असेल तर टॅप उतरवणं अंगाशी येईल.

ए-१०४: आणि केबल बदलताना अ‍ॅल्युमिनियमची तार थेट इन्व्हर्टरच्या तांब्याच्या टर्मिनलमध्ये कोंबू देऊ नका. बायमेटॅलिक (अ‍ॅल्युमिनियम-तांबं जोडणारा) लग, योग्य डायने क्रिम्प, म्हणजे दाबून घट्ट. अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू पसरतं, स्क्रू ढिला होतो, वर्षभरात टर्मिनल काळं पडतं. गॅरंटीत तो भाग बसत नाही.

डी-१०१: गुड मॉर्निंग 🌹

सेक्रेटरी (ए-५०२): 🙏

ए-१०४: सकाळचा आजार. आपला इन्व्हर्टर ट्रान्सफॉर्मरलेस आहे, म्हणजे पॅनल आणि ग्रिड यांना वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मर आत नाही, म्हणून सुरू होण्याआधी पॅनलची वायर आणि अर्थिंग यांच्यातला रेझिस्टन्स तपासतो. १००० व्होल्टच्या यंत्राला मानकाप्रमाणे किमान मर्यादा सुमारे ३३ किलोओहम. रात्रीच्या पावसाने कुठेतरी ओल आली की तो त्याखाली जातो, ऊन लागून सुकलं की आपोआप वर. ९:४० चं गणित ते आहे.

ए-१०४: शोधायची रीत. सुकण्याआधीच, ओलं असतानाच. आधी एसी एमसीबी बंद, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडचा स्विच) बंद, डीसी क्लॅम्पमीटरने करंट शून्य आहे याची खात्री, आणि मगच एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या वायरींचे प्लग) सोडवायचे. चालू करंटवर कनेक्टर ओढला तर डीसीचा ठिणगीचा पूल विझत नाही. एसीसारखा सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत नाही ना तो.

ए-१०४: मग तीन आकडे: प्लस-मायनस, प्लस-अर्थ, मायनस-अर्थ. वायर निरोगी असेल तर अर्थचे दोन्ही आकडे घसरत शून्याकडे जातात. गळती असेल तर टिकून राहतात. समजा एकूण ८१० व्होल्ट, १८ पॅनल, म्हणजे पॅनलमागे ४५. प्लस-अर्थ ५४०, मायनस-अर्थ २७०. २७० भागिले ४५ = ६. मायनस टोकाकडून सहाव्या-सातव्या पॅनलमधला सांधा उघडून बघा. एकाच जागी गळती असेल तरच हे बसतं.

बी-६०२: मीटर कॅट-३ (सुरक्षेची श्रेणी), १००० व्होल्टचा. बाजारातला पिवळा दीडशे रुपयांचा खेळणा या कामाला हातात धरायचा नाही.

बी-३०३: ताई, कनेक्टर स्लॅबवर लोळतायत, मागच्या रांगेत पाण्यातच आहेत.

ए-१०४: मग निम्मं निदान झालंच. दोन वेगळ्या कंपन्यांचे प्लग-सॉकेट जोडलेत का तेही बघ. बसतात, पण सील नीट धरत नाही आणि आतला स्पर्श तापतो. जुने कापून एकाच कंपनीची जोडी, क्रिम्पिंग टूलनेच, पक्कडीने नाही. मग यूव्हीला टिकणाऱ्या टायने स्ट्रक्चरला वर बांधून टाका.

सी-२०१ काका: एक जुनी शंका. वीज गेली की ऊन असूनही सोलर बंद. निदान पाण्याचा पंप तरी चालावा!

बी-६०२: काका, बाहेर खांबावर वायरमन काम करत असतो. सप्लाय गेल्यावर आपण लाइनमध्ये वीज सोडत राहिलो तर त्याच्या जिवावर बेतेल. म्हणून बंद होणं सक्तीचं. हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी घेतली तर जिन्यातले दिवे, सीसीटीव्ही, गेट सहज. पंपाचं वेगळं आहे: ७.५ एचपीची मोटर चालताना ११ अँपिअर घेते, थेट सुरू करताना सहापट, ६५ च्या आसपास. १० किलोवॅटचा हायब्रिड देतो १४.५. क्षणात ओव्हरलोड. पंपाला व्हीएफडी (मोटर हळूहळू सुरू करणारं यंत्र) लावला तरच विचार करू.

ए-१०४: जनरेटरचंही बघा. सोलरची जोड चेंजओव्हरच्या (मेन की जनरेटर निवडणाऱ्या स्विचच्या) मेन बाजूला आहे की लोड बाजूला? लोड बाजूला असेल तर डीजी (डिझेल जनरेटर) चालू झाला की इन्व्हर्टर त्यालाच ग्रिड समजून वीज सोडतो. बिल्डिंगचा लोड ६ आणि सोलर ९ असेल तर ३ किलोवॅट उलटे अल्टरनेटरमध्ये. डिझेल इंजिन ते पचवत नाही.

सेक्रेटरी (ए-५०२): ड्रॉइंगमध्ये मेन बाजूला दाखवलंय.

ए-१०४: ड्रॉइंग नको, पॅनल उघडून बघा.

बी-३०३: एवढं करतोच आहोत तर गच्चीवर छोटी पवनचक्की? रात्रीही चालेल.

बी-६०२: २ मीटर व्यासाची १२ मीटर/सेकंद वाऱ्याला १ किलोवॅटच्या जवळ देते. ३ मीटर/सेकंदाला तीच १५ वॅट, कारण हिशेब वेगाच्या घनाचा आहे. शिवाय सोलरची वायर सोडली तर पॅनल गप्प बसतं, पवनचक्कीचा लोड काढला तर ती बेफाम फिरते. म्हणून डम्प लोडचे (जादा वीज जिरवणारे) हीटर आणि ब्रेक लागतात. भोवती टॉवर असताना वारा गरागरा फिरतो तो वेगळाच. आपल्याकडे नको.

सेक्रेटरी (ए-५०२): ठीक. इन्व्हर्टर बदलणं अजेंड्यावरून काढतोय. १६ ची केबल, बायमेटॅलिक लग आणि कनेक्टर यांचं कोटेशन मागवतो. इलेक्ट्रिशियन उद्या सकाळी ६:४५ ला येईल.

बी-३०३: गच्चीची किल्ली कोणाकडे?

सेक्रेटरी (ए-५०२): सी-२०१ काकांकडे.

सी-२०१ काका: माझ्याकडे नाही, डी-१०१ कडे दिली होती पापड वाळवायला.