मदत हवी आहे: चार्जिंग पोर्ट सैल झालाय, साफ करू की बदलून घेऊ?

फोन टाइप-सीचा आहे. पिन घातली की पूर्वीसारखी 'टक्' करून बसत नाही, जराशी बाहेरच राहते. फोन हलला की चार्जिंग बंद, वायर वर उचलून धरली की पुन्हा सुरू. नवी कोरी केबल लावून पाहिली, तिचीही तीच गत. टाइप-सीत पकड धरणाऱ्या स्प्रिंगा केबलच्या पिनेत असतात, म्हणजे दोष फोनकडेच असावा.

टॉर्च मारून पाहिलं तर तळाशी खिशातली धूळ आणि धागे दाबून बसलेले दिसतात. फोन बंद करून लाकडी टूथपिकने अलगद काढावं म्हणतोय, पण मधली ती पातळ पट्टी मोडली तर? सगळे संपर्क तिच्यावरच असतात. (सुई नकोच, शॉर्ट व्हायची.) कोणी घरच्या घरी साफ केलंय का?

आणि त्यानंतरही पोर्ट डुगडुगत राहिला तर काय? दुरुस्तीवाले नुसता पोर्ट सोल्डर करून देतात की खालचा अख्खा चार्जिंग बोर्ड बदलतात? बोर्ड बदलल्यावर माइकचा आवाज बसला किंवा फास्ट चार्जिंग गेलं, असं कोणाचं झालं असेल तर तेही सांगा. वायरलेस चार्जिंगची सोय या फोनला नाही.