नाकाबंदीत डिकी उघड म्हणाले की मुकाट उघडायची का? मत सांगा

बेदाणावाला (तासगाव):
2024 च्या विधानसभेच्या टायमाला माझ्या मामेभावाची गाडी एका नाक्यावर अडवली. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे होते जवळ, अडत्याची पट्टी (विक्रीचा हिशोब) पण होती खिशात, पण ती कुणी बघायलाच तयार नाही, आधी चावी काढून घेतली, मग सीटखाली हात, डॅशबोर्ड उचकटला, मागची पोती फोडली. पोरानं एवढंच विचारलं की साहेब काय शोधताय, तर उत्तर आलं "लय शिकलायस काय रं".
माझं म्हणणं सरळ आहे. कागद बघणं वेगळं आणि झडती वेगळी. युनिफॉर्ममधल्या पोलिसानं लायसन्स मागितलं तर दाखवायचंच, मोटार वाहन कायद्याचं कलम 130 आहे, आणि डिजिलॉकर नाहीतर एमपरिवहनमधलं पण चालतं. पण गाडी उचकटायची असेल तर कारण सांगा आणि शूटिंग करा. 1 जुलै 2024 पासून सीआरपीसीच्या जागी नवीन बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) लागू झालाय, त्याच्या कलम 105 नं झडती-जप्तीचं शूटिंग पोलिसांवरच बंधनकारक आहे. मग ते मागायला आपण का घाबरायचं?

हायवे_ड्रायव्हर (कराड):
भावा तुझं बरोबर असंल पण तू कधी द्राक्षाची गाडी घेऊन रात्री निघालायस का? वाशीला पहाटे माल लागला पाहिजे. नाक्यावर कलम बोललं की गाडी साईडला, "थांब साहेब येतील", आणि साहेब कधी येणार ते कुणालाच माहीत नसतं. तोवर माल मऊ पडला, दर पडला, आणि मालक भाडं माझं कापणार, कलम 105 चं नाही. मी गप ताडपत्री सोडतो, नमस्कार करतो आणि सुटतो. हक्क ज्याला परवडतो त्यानं दाखवावा.

खाकी_घरची (सांगली):
माझे मालक (नवरा) पोलीस खात्यात आहेत म्हणून बोलते. फेब्रुवारी 2024 ला पुणे पोलिसांनी आपल्या कुपवाडमधून एमडी (मेफेड्रोन, अमली पदार्थ) पकडलं, 2025 च्या जानेवारीत विट्याजवळ तर त्याचा कारखानाच सापडला. हा माल गाड्यांतूनच फिरतो ना? गुटखा महाराष्ट्रात 2012 पासून बंद आहे तरी सीमेवरून येतोच. कॉलेजची पोरं नासली की हेच लोक विचारणार पोलीस काय करत होते. गाडीत काही नसेल तर उघडून दाखवायला काय जातंय?

बेदाणावाला:
ताई, तपासणी नको असं मी म्हणतच नाही. पण "काही नसेल तर काय जातंय" हे नाही पटत. गाडीत बायकोची पर्स असते, आईची दवाखान्याची फाईल असते, धंद्याची वही असते. आणि सांगलीत 2017 चं कोठडीतलं मरण लोक विसरलेले नाहीत, पोलिसांवरच खुनाचा गुन्हा लागला होता. भीती उगीच नाही आलेली. शूटिंग असलं तर तुमच्या मालकांवर पण उद्या कुणी पुडी टाकल्याचा आळ घेणार नाही.

काळाकोट (सातारा):
थोडं लांब लिहितो कारण अर्धवट माहितीवर लोक अडकतात. नाक्यावर "वॉरंट दाखवा" म्हणून अडून बसू नका. बीएनएसएसच्या कलम 185 खाली गुन्ह्याच्या तपासात वॉरंटशिवाय झडती घेता येते आणि कायद्याच्या लेखी गाडी पण "जागा"च आहे, मात्र अधिकाऱ्यानं कारणं आधी लिहून ठेवायची आणि प्रत 48 तासांत मॅजिस्ट्रेटकडं गेली पाहिजे. अमली पदार्थाचा संशय असेल तर एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थ कायद्याचं कलम 43 सार्वजनिक जागेला लागतं. दारूबंदी कायदा वेगळाच, 1949 चा.
दुसरं, जे कुणी सांगत नाही. आपल्याकडं झडती बेकायदा निघाली तरी सापडलेला माल पुरावा म्हणून आपोआप बाद होत नाही, पूरणमल खटल्यात सुप्रीम कोर्टानं 1973 लाच सांगितलंय. सिनेमात बघितलेलं अमेरिकेचं इथं चालत नाही. म्हणून भांडून झडती थांबवण्यापेक्षा तिची नोंद नीट होते का ते बघा. पंचनामा वाचल्याशिवाय सही नको, जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागा, कोऱ्या कागदावर तर सही करूच नका.
अंगझडती वेगळी. एनडीपीएसच्या संशयात कलम 50 नं राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा तुमचा हक्क आहे आणि तो पोलिसांनी तुम्हाला सांगितलाच पाहिजे, पण तो अंगापुरता, बॅग आणि गाडीला लागत नाही (2005 चा पवनकुमार निकाल). बाईची अंगझडती बाईनंच घ्यायची. आणि हात लावू नका, ढकलाढकली झाली की बीएनएसचं (भारतीय न्याय संहितेचं) कलम 132, सरकारी नोकरावर हल्ल्याचं, लागतं आणि मूळ विषय राहतो बाजूला.

हायवे_ड्रायव्हर:
वकीलसाहेब, रात्री दोनला हायवेवर पंच आणायचे कुठनं? ढाब्यावरचा पोऱ्या?

काळाकोट:
तक्रार खरी आहे, कोर्टात पण तेच तेच पंच दिसतात. म्हणून तर शूटिंगवर जोर द्यायचा, कॅमेऱ्याला उलटतपासणीत फितवता येत नाही.

इलेक्शन_ड्युटी (जत):
मी एसएसटी पथकात, म्हणजे इलेक्शनच्या नाक्यावरच्या स्थिर पथकात, ड्युटी केलीय. तिथं एक्झिक्युटिव्ह मॅजिस्ट्रेट असतो आणि तपासणीचं शूटिंग होतंच. पन्नास हजाराच्या वर कॅश असली की कागद विचारतात, दहा लाखाच्या वर इन्कम टॅक्सला कळवतात. पकडलेली रक्कम सोडवायला झेडपीचे सीईओ, खर्चाचे नोडल अधिकारी आणि कोषागार अधिकारी यांची कमिटी असते. अडत्याची पट्टी, बँकेची एंट्री जवळ ठेवा, लोक घरी ठेवतात आणि नाक्यावर रडतात.

बेदाणावाला:
मग हेच तर! इलेक्शनला कॅमेरा जमतो, एरवी का जमत नाही?

खाकी_घरची:
मालकांना विचारून सांगते. झडतीचं शूटिंग पोलिसांच्या ई-साक्ष्य ॲपवर टाकायचं असतं पण मोबाईल स्वतःचा, अंधारात दिसत नाही, मेमरी फुल्ल, वर ट्रॅफिक तुंबलेलं. नको म्हणून करत नाहीत असं नाही.

बेदाणावाला:
ताई मग ह्या मुद्द्यावर आम्ही तुमच्याच बाजूनं. आमदाराला पुढच्या वेळी कमान नको, नाक्यावर फोन आणि फोकस द्या म्हणून सांगू. पण तोवर मामेभावाला मी विचारूच नको असं सांगणार नाही. "साहेब, शूटिंग चालू करा आणि खुशाल बघा" एवढं हळू आवाजात म्हणायचं, हात स्टेअरिंगवर ठेवून.

हायवे_ड्रायव्हर:
बेदाण्याला जमंल. द्राक्षाला नाही.