मदत हवी आहे: बाबांच्या एमआरआयमध्ये 'लिगामेंटम फ्लेवम जाड' आलंय
नमस्कार मंडळी, बाबांचं वय ६८, कमरेचा एमआरआय काढला तर एल४-एल५ ला (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये) लिगामेंटम फ्लेवम जाड झालंय असं आलंय, डॉक्टरांनी दोन मिनिटांत गुंडाळलं कारण बाहेर रांग लागलेली. शोधून एवढं कळलं की मणक्यांच्या मागच्या कमानी एकमेकींना जोडणारा हा पिवळट पट्टा, त्यात जवळपास ८०% इलास्टिन, म्हणून रबरासारखा, वाकलो की ताणतो आणि सरळ झालो की परत आखडतो. वय झालं की लवचिकता जाते, मग जाड होऊन नसांच्या जागेत घुसतो.

बाबा दादर स्टेशनचा पूल उतरून फूलमार्केटपर्यंत गेले की पाय बधिर, पण कठड्यावर हात टेकून ओणवे झाले की जरा वेळात बरं वाटतं (आई म्हणते नाटकं!). वाकल्यावर पट्टा ताणला जाऊन जागा मोकळी होते म्हणूनच ना हे?

मग फिजिओने पाठ मागे वाकवायचे व्यायाम का दिलेत, त्याने उलट जागा कमी नाही का होणार? कोणी फिजिओ असेल तर प्लीज सांगा, आणि ऑपरेशनशिवाय कोणाला फरक पडलाय का तेही.