विषय: बार्देशातील जुने घर, नमुना १ व १४ आणि आठ दिवसांत मागितलेला विसार

प्रेषक: मीनल, लेस्टर

मंडळाच्या सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार.

माझ्या यजमानांचे आजोळ म्हापशाजवळचे असल्यामुळे आम्ही बार्देश तालुक्यात एक जुने कौलारू घर भोवतालच्या जागेसह विकत घेण्याचा विचार करत आहोत. दलालाने आम्हाला तीन कागद पाठवले आहेत. पहिला म्हणजे सरकारी संकेतस्थळावरून उतरवून घेतलेला नमुना १ व १४, ज्यात कब्जेदार म्हणून विक्रेत्याचे नाव आहे. दुसरा, त्याच नावाची पंचायतीच्या घरपट्टीची पावती. तिसरा, मागील १५ वर्षांत कोणताही बोजा नोंदलेला नाही असा उपनिबंधक कार्यालयाचा दाखला. पुण्यात सदनिका घेतली तेव्हा इंडेक्स टू (नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा) आम्ही घरबसल्या पाहिला होता आणि बाकीचा शोध बँकेच्या वकिलाने घेतला होता. या वेळी कर्ज काढायचे नसल्यामुळे तपासणारे आम्हीच. दुसरे गिऱ्हाईक तयार आहे असे सांगून दलाल आठ दिवसांत पाच लाख रुपये विसार मागत आहे. हे तीन कागद पुरेसे आहेत का, आणि इथे बसून आणखी काय पाहता येईल, हे गोव्यातील जाणकारांनी कृपया सांगावे.

आपली,
मीनल

प्रेषक: श्रीपादभाई, म्हापसा

चि. सौ. मीनल,
अनेक आशीर्वाद.

तिन्ही कागद खरे आहेत असे धरून चालतो, तरी घर कोणाच्या मालकीचे आहे हे त्यांतला एकही कागद सांगत नाही. घरपट्टीची पावती ही कर भरल्याची पावती आहे. परक्याच्या जमिनीवर बांधलेल्या घराचीही घरपट्टी भरता येते, आणि कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेच्या) किंवा देवस्थानच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभी असलेली कितीतरी घरे मी अशा पावत्यांवर विकायला निघालेली पाहिली आहेत.

नमुना १ व १४ हा आपल्या सातबाऱ्याचा भाऊच म्हणायचा. गोव्याच्या १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली १९७० च्या दशकात जी मोजणी झाली, तिच्यातून तो आला. संहितेच्या कलम १०५ प्रमाणे त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत बरोबर मानली जाते. मात्र ती नोंद कब्जाची आहे. मालकी ठरवताना न्यायालये तिला स्वतंत्र हक्काचा पुरावा मानत नाहीत. तरीही हा कागद दोनदा वाचावा, कारण त्याच्यावरचे रकाने इंग्रजीबरोबर मराठीतही छापलेले असतात आणि बहुतेक खरेदीदार फक्त कब्जेदाराचे नाव पाहून तो मिटून ठेवतात.

वरच्या भागात क्षेत्र जिरायत, बागायत, तरी, खाजन, केर, मोरड आणि पोटखराब असे विभागलेले असते. तुमच्या उताऱ्यात ‘तरी’ किंवा ‘खाजन’ यांखाली काही आकडा आहे का, ते प्रथम पाहा. तरी म्हणजे भातशेती, आणि खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली जमीन. अनिवासी भारतीयाला किंवा ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डधारकाला परकीय चलन कायद्याखाली घर घेता येते, परंतु शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस घेता येत नाही. शिवाय २०२३ च्या गोव्याच्या कायद्याने शेतजमीन शेतकरी नसलेल्याला विकण्यावर वेगळे निर्बंध आले आहेत. घर सुंदर आणि मागचा तुकडा भातशेतीचा, अशी गाठ बार्देशात नेहमी पडते.

त्याखाली कुळाचे नाव आणि इतर हक्क असे रकाने आहेत. कुळाच्या रकान्यात नाव असेल, तर १९६४ च्या कूळ कायद्यातील पाचव्या दुरुस्तीप्रमाणे ते कूळ मानीव खरेदीदार ठरते, म्हणजे भाटकाराकडे (जमीनमालकाकडे) विकण्यासारखे फारसे उरलेले नसते. इतर हक्कांत मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचे, नाव असेल, तर १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला घरातून काढता येत नाही आणि घर व त्याच्याभोवतीची ठराविक जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. बँकेच्या गहाणापेक्षा हे ओझे मला जड वाटते. गहाण पैसे भरून सुटते, मुंडकार मात्र आपल्या घरात राहतोच, आणि त्याने का राहू नये, हा प्रश्न आपण विचारू नये हे बरे.

मालकीचा धागा शोधायचा तर पोर्तुगीज काळच्या भूनोंदणीकडे जावे लागते. तिथे प्रत्येक मालमत्तेला एक डिस्क्रिप्शन क्रमांक असतो, त्यात तिचे नाव आणि चतुःसीमा लिहिलेल्या असतात. इन्स्क्रिप्शन क्रमांकाखाली ती कोणाच्या नावे नोंदली गेली आणि तिच्यावर गहाण होते का, हे कळते. जुनी पुस्तके पडद्यावर सापडण्याची आशा धरू नका. तालुक्याच्या नागरी निबंधक तथा उपनिबंधक कार्यालयात अर्ज करून दाखला मागावा लागतो, आणि काही जुने दप्तर पणजीच्या पुराभिलेख खात्यात पाहावे लागते. ‘पूर्वेस अमक्याचे भाट, पश्चिमेस व्हाळ’ असे जुने वर्णन आजच्या सर्वे नंबरशी जुळवणे हे वकिलाचे आणि मोजणीदाराचे काम आहे. तेवढे काम झाल्याखेरीज बोजा नसल्याच्या दाखल्यालाही अर्थ येत नाही, कारण शोध ज्या वर्णनावर आणि ज्या नावांवर घेतला, त्यांच्यापुरताच तो दाखला बोलतो.

यातच नावांची गंमत आहे. जुन्या कागदांत कामतांचे ‘कामोतीम’ झालेले असते, शेणव्यांचे ‘सिनाय’, आणि नाईकांचे स्पेलिंग तर ओळखू येणार नाही असे. आजच्या स्पेलिंगने शोधले तर काहीच सापडत नाही, आणि काहीच न सापडल्याचा दाखला मात्र सुबक शिक्का मारून मिळतो.

माझी स्वतःची चूक सांगतो. परदेशातून परत आल्यावर मी एक जागा घेतली, तेव्हा विक्रेता, त्याचा भाऊ आणि बहीण अशा तिघांच्या सह्या घेतल्या आणि निश्चिंत झालो. भावाच्या पत्नीची सही घ्यावी हे ना माझ्या डोक्यात आले, ना त्या वेळच्या माझ्या वकिलाच्या. १८७० पासून गोव्यात लागू असलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर विकताना दोघांची संमती लागते. ती सही मिळवण्यासाठी मला चार वर्षे आणि बरेच पैसे खर्चावे लागले. सातबाऱ्याच्या सवयीने आपण नावे वाचतो, परंतु इथे प्रत्येक नावामागे आणखी एक माणूस उभा असतो.

विसार देऊ नका.

भाई

प्रेषक: विनायक, स्लाव

भाईंना नमस्कार.

मी मुंबईत २६ वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काम केले असल्यामुळे थोडी भर घालतो. गोव्यातील कायद्याविषयी भाईंना आव्हान देण्याची माझी पात्रता नाही, तरी बँकेचे कर्ज त्यांनी फार हलके धरले असे वाटते. मूळ दस्तऐवज बँकेत ठेवून जे गहाण होते, त्याला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५८(फ) प्रमाणे नोंदणीकृत दस्त लागत नाही, आणि म्हणून ते उपनिबंधकाच्या दाखल्यात दिसेलच असे नाही. महाराष्ट्रात २०१३ पासून अशा गहाणाची सूचना नोंदवावी लागते, त्यामुळे मीनलताईंनी पुण्यात पाहिलेल्या शोधात ते सापडले असते. त्या सवयीवर गोव्यात विसंबू नये.

यासाठी सेरसाई नावाची केंद्रीय नोंदवही आहे. ती २०११ पासून चालू असून तिच्या संकेतस्थळावर नाममात्र शुल्क भरून कोणालाही मालमत्तेच्या किंवा कर्जदाराच्या नावाने शोध घेता येतो. लेस्टरला बसून हे काम एका संध्याकाळी होईल. विक्रेता कंपनी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीवरील बोज्यांची यादी पाहता येते, आणि नव्या बांधकामाच्या प्रकल्पासाठी गोवा रेराची नोंद पाहावी. तुमच्या जुन्या घराला ही शेवटची दोन्ही लागू नाहीत. पतसंस्थेचे किंवा खाजगी सावकाराचे कर्ज मात्र सेरसाईवर दिसेलच असे नाही. म्हणून विक्रेत्याकडे मूळ दस्तऐवज पाहायला मागा. ‘मूळ प्रत हरवली आहे, प्रमाणित नक्कल चालेल’ असे उत्तर आले, तर मूळ प्रत कोणाच्या तिजोरीत आहे हे कळेपर्यंत पुढे जाऊ नका.

विनायक

प्रेषक: श्रीपादभाई, म्हापसा

विनायकरावांची दुरुस्ती मान्य. मूळ प्रतीची मागणी मी लिहायला हवी होती.

त्याला एक जोड देतो. ई-कोर्ट्‌सच्या संकेतस्थळावर उत्तर गोवा जिल्ह्यातील न्यायालये निवडून पक्षकाराच्या नावाने दावे शोधता येतात. विक्रेत्याचे, त्याच्या वडिलांचे आणि आजोबांचे नाव सर्व स्पेलिंगांनी घालून पाहा. दावा चालू असताना घेतलेली मालमत्ता त्या दाव्याच्या निकालाला बांधलेली राहते. तसेच नमुन्यावर विक्रेत्याच्या नावासमोरचा फेरफार क्रमांक पाहून तो फेरफार कोणत्या वर्षी आणि कोणत्या दस्ताच्या आधारे झाला, याची नक्कल मागवा. परदेशी राहणाऱ्या मालकांच्या जमिनी बनावट जुन्या दस्तांवर हडपल्याच्या इतक्या तक्रारी आल्या, की २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग नेमावा लागला. बनावट दस्तावर एकदा फेरफार झाला की पडद्यावरचा उतारा अगदी स्वच्छ दिसतो.

भाई

प्रेषक: मीनल, लेस्टर

भाई आणि विनायकदादा,

दोघांचे मनःपूर्वक आभार. शनिवार-रविवार आम्ही दोघे याच कामात होतो, आणि जे सापडले ते सर्वांच्या माहितीसाठी लिहीत आहे.

सेरसाईवर विक्रेत्याच्या नावे काही आढळले नाही, आणि ई-कोर्ट्‌सवरही नाही. नमुना १ व १४ मात्र आम्ही दलालाने पाठवलेला न वापरता तालुका, गाव, सर्वे नंबर आणि पोटविभाग घालून स्वतः नव्याने उतरवला. एकूण १,१५० चौरस मीटरपैकी २७५ चौरस मीटर ‘तरी’ या रकान्यात आहेत. दलालाने पाठवलेल्या प्रतीत पानाचा तो वरचा भाग फोटो काढताना कापला गेला होता, तो चुकून की कसा, ते देव जाणे. इतर हक्कांत एका बाईंचे नाव घराच्या उल्लेखासह आहे. विक्रेत्याला विचारले असता त्या ‘मागच्या खोलीत राहणाऱ्या जुन्या बाई’ असल्याचे आणि ‘त्यांचे काही नाही’ असे उत्तर मिळाले.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मूळ दस्ताची मागणी केल्यावर विक्रेत्याने आजोबांच्या नावचा पोर्तुगीज भाषेतील एक दाखला पाठवला. म्हणजे मालमत्ता आजोबांच्या नावे नोंदलेली, आणि उताऱ्यावर मात्र नातवाचे एकट्याचे नाव. त्याला दोन आत्या आणि एक काका आहेत. त्यांपैकी एक आत्या लिस्बनला असते, आणि वाटणीचा कोणताही कागद झालेला नाही असे तो मोकळेपणाने म्हणाला. विसार आम्ही दिलेला नाही. इथून पुढे काही मार्ग आहे का, की हा विषय सोडून द्यावा?

मीनल

प्रेषक: श्रीपादभाई, म्हापसा

चि. सौ. मीनल,

सोडून देण्याची घाई करू नका. विक्रेता मोकळेपणाने बोलतो आहे, हे मला बरे लक्षण वाटते. लबाड माणसाने लिस्बनच्या आत्याचा उल्लेखच केला नसता.

आजोबांच्या नावची मालमत्ता नातवाने विकायची, तर आधी वारस कोण हे ठरले पाहिजे. सर्वांचे एकमत असेल तर विशेष नोटरीपुढे वारसांचा दस्त करून सर्व वारस आणि त्यांचे जोडीदार विक्रीखतावर सह्या करू शकतात. मतभेद असतील तर न्यायालयात इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याची कार्यवाही) करावी लागते. हे दोन्ही मार्ग गोव्याच्या २०१२ च्या वारसा कायद्यात आहेत, जो २२ डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. लिस्बनच्या आत्या आणि त्यांचे यजमान तिथल्या भारतीय वकिलातीत मुखत्यारपत्र करून देऊ शकतात, परंतु ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो, हे विक्रेत्याला आताच सांगून ठेवा.

‘तरी’चा तुकडा तुम्हाला घेता येणार नाही. तो मोजणी करून वेगळा पोटविभाग करावा आणि विक्रेत्याकडेच राहू द्यावा. तेवढी किंमत कमी व्हायला हवी, हे दलालाला न सांगता विक्रेत्यालाच सांगा. मागच्या खोलीतील बाईंशी मात्र कोणीतरी समोरासमोर बोलले पाहिजे. त्या मुंडकार म्हणून नोंदल्या गेल्या असतील तर ‘त्यांचे काही नाही’ हे वाक्य कायद्यापुढे टिकणार नाही. त्यांची खोली आणि त्यांना देय असलेली जागा वगळून उरलेले घर तुम्हाला हवे आहे का, याचा विचार तुम्ही दोघांनीच करायचा आहे. त्यांना तिथून हलवून घर रिकामे करून देतो असे कोणी म्हणाले, तर मी तुम्हाला त्या घराची शिफारस करणार नाही.

हे सर्व जमले तर सह्या होण्यापूर्वी तुमच्या वकिलाकरवी एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना द्या. इथल्या गावात लोक ती वाचतात, आणि पडद्यावर न सापडलेला काका अशा सूचनेवरून सापडल्याचे मी पाहिले आहे.

सोमवारी मला म्हापशाच्या कार्यालयात माझ्याच कामासाठी जायचे आहे. त्या पोर्तुगीज दाखल्याचा स्पष्ट फोटो रविवारपर्यंत पाठवा, म्हणजे त्यावरचे आजोबांचे नाव जसे लिहिले आहे तसेच घालून डिस्क्रिप्शन आणि इन्स्क्रिप्शनच्या दाखल्यांसाठी अर्ज देऊन येईन.

भाई